काकीसाहेबांची हमी

काकीसाहेबांनी आयुष्यात कुणाला चाबूक मारल्याचं मला आठवत नाही. त्या काळी जहागिरदाराच्या सदरेवर चाबूक खुंटीला टांगलेला असे आणि तो नुसता शोभेला नसे. काकीसाहेबांच्या सदरेवरची ती खुंटी रिकामी होती. मारलेला माणूस चार दिवसांत बरा होतो आणि मग गावभर वळ दाखवत हिंडतो, त्यात आपला काय फायदा, असं त्या म्हणत. आणि तेही पानाचं तबक मागावं इतक्या साध्या आवाजात. तो आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. वाईटात वाईट बातमी कानावर आली की त्या एकच शब्द बोलत, "बरं." त्या एका शब्दाची त्यांच्या माणसांना जेवढी धास्ती होती, तेवढी शेजारच्या जहागिरदाराच्या माणसांना त्याच्या चाबकाचीही नसावी.

मी त्यांच्याकडं इंग्रजी पत्रव्यवहाराला होतो. महाराजांनी काढलेल्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालो होतो आणि नोकरीच्या शोधात होतो. इंग्रजी येतं तो मास्तर, असा त्या घरातला समज, त्यामुळं एकाही वर्गावर उभा न राहता मी तिथं 'मास्तर' झालो. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्यांचं घर होतं. जहागिरीचं गाव खाली पंचगंगेच्या काठाला, कुरुंदवाडच्या वाटेवर. काकीसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. पुतण्या हाक मारायचा म्हणून नोकर मारायला लागले, मग पेठ, मग सगळं शहर.

उंच, वाळलेल्या अंगाच्या होत्या. पांढरं लुगडं, डोईवर पदर आणि पायात पुरुषी पायताण. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हा धाकटे दीर आबासाहेब यांनी बाईमाणसाला जहागिरी सांभाळायची नाही म्हणून दरबारात दावा लावला. घराण्यातल्या बायका गोषात असायच्या त्या दिवसांत काकीसाहेब गोषा सोडून कचेरीत जाऊन बसू लागल्या. दावा बरीच वर्षं चालला आणि त्या जिंकल्या. तेव्हापासून त्या कुणाच्याही तोंडचा शब्द हात लावून बघितल्याशिवाय घेत नसत.

माझ्या येण्याआधीची एक गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ होती. गारगोटीच्या बाजारात त्यांनी एक बैल घेतला. विकणाऱ्यानं शपथ घेऊन सांगितलं होतं की पोटाखालून पोर रांगत गेलं तरी हा बैल पाय हलवायचा नाही. त्या बैलानं महिन्याभरात तुका नावाच्या गड्याचा पाय मोडला. विकणारा घाबरून आपणहून पैसे घेऊन आला, बैल परत न्यायला. काकीसाहेबांनी त्याला जेवायला घातलं. बैल चांगला आहे, तो आम्ही ठेवणार, म्हणाल्या. आमचा गेलाय तो गडी. तुकाचा पाय सुधारेपर्यंत तुम्ही तुकाच्या जागी राबा. तो राहिला. राहिला नसता तर काय झालं असतं हे त्यानं विचारलं नाही. दर अमावास्येला त्या तुकाला अंगणात चालायला लावत आणि बघून म्हणत, अजून लंगडतोय. तिकडं त्या माणसाचं स्वतःचं रान पेरणीवाचून पडलं. शेवटी त्याचं रडणं तुकालाच बघवेना. एका अमावास्येला तुका ओठ दातांत धरून अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालला. काकीसाहेब म्हणाल्या, "बरं." त्यांनी विकणाऱ्याला सोडलं आणि दुसऱ्या दिवशी तुकाला नांगरावर धाडलं. तो पुन्हा कधी लंगडायला धजला नाही.

हे मला सांगितलं ते तुकानंच, आणि सांगताना त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाई न्यायाची हाय, असं तो म्हणाला.

आता मोटारबोटीची गोष्ट. आबासाहेबांनी मोटारगाडी घेतली. कोल्हापुरात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. एका पावसाळ्यात त्या मोटारीनं काकीसाहेबांच्या बैलांच्या दमणीवर चिखल उडवला आणि आबासाहेब मागं वळून हसले. दमणी तिथंच चाकाच्या तुंब्यापर्यंत रुतून बसली. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, पण पंधरवड्यानं त्यांनी मला बोलावून विचारलं की पाण्यावर चालणारी मोटार मिळते का. पावसाळ्यात गावाकडची काळ्या मातीची वाट बंद पडते, नदी तर शहराजवळून गावापर्यंत जाते. रस्ता दरबारचा, भावजींच्या मोटारीला वाट द्यावी लागते. नदीवर वाट मागायला कुणी येणार नाही. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

मुंबईच्या एका कंपनीला लिहिलं. तिचा एजंट आला, गुटगुटीत, बोलका. पंचगंगेच्या घाटावर उभा राहून त्यानं ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं आणि म्हणाला, इतकं गोड पाणी, आमचं इंजिन खूश होईल. होडी सागवानी, इंजिन विलायती, पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि मग रॉकेलवर चालायचं. वर्षाची ग्यारंटी. तो हमीचा कागद काकीसाहेबांनी माझ्याकडून मराठीत करून पुन्हा पुन्हा ऐकला. कंपनीच्या दोषानं काही मोडलं तर कंपनी पार्ट देईल आणि काम पुरं होईपर्यंत माणूस देईल. मात्र दुसऱ्याचा पार्ट इंजिनाला बसवला तर हमी संपली.

"माणूस बी देनार?" त्यांनी विचारलं.

फिटर पाठवतील, मी म्हणालो.

"काम पुरं हुईस्तवर. लिवलंय तसं?"

लिहिलंय, मी म्हणालो. त्यांनी "बरं" म्हटलं, आणि दाराशी उभा असलेला तुका माझ्याकडं बघायला लागला.

बोट रेल्वेनं आली आणि गाड्यांवर घालून घाटाला आणली. नारळ फुटले. आबासाहेब मोटार घेऊन पुलावर येऊन थांबले होते. काकीसाहेब बोटीत बसल्या, इंजिन धडधडलं, लोकांनी वाट सोडली, आणि नदीच्या मध्यावर जाऊन ते बंद पडलं. कंपनीचा पोहोचवायला आलेला माणूस हँडल फिरवून फिरवून घामाघूम झाला. बोट वाहत निघाली. शेवटी म्हशी धुवायला आलेल्यांनी दोर टाकून ती काठाला ओढली. पुलावरून आबासाहेबांनी मोटारीचा भोंगा वाजवला, थांबून थांबून, बराच वेळ. काकीसाहेब पायताण हातात घेऊन चिखलातून वर आल्या. पुलाकडं त्यांनी बघितलं नाही. घरी येऊन पाय धुतले आणि मला कंपनीला तार करायला सांगितली.

तारेनं मिंगेल आला. गोव्याकडचा, मुंबईत माझगावला वाढलेला, ठेंगणा, मजबूत बांध्याचा फिटर. शर्टाची कॉलर मळू नये म्हणून तिच्याखाली रुमाल घडी घालून ठेवायचा आणि हसला की सगळा चेहरा हसायचा. पहिला दोष त्यानं दुपारपर्यंत काढला. इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो ओल धरत होता. बोट आठवडाभर चालली. मग आणखी एक दोष निघाला आणि त्याच्या पोटातून तिसरा. इंजिन थंड ठेवायला एक पंप नदीचं पाणी ओढून घ्यायचा, त्या पाण्याबरोबर वाळू यायची, आणि वाळूनं पंपाच्या दातेरी चाकाचे दात खाऊन टाकले. कंपनीनं कळवलं की वाळू हा इंजिनाचा दोष नव्हे, तो नदीचा. काकीसाहेबांनी तांब्याच्या गडूत घाटाचं पाणी भरून, तोंड मेणानं बंद करून, कंपनीला पार्सलनं धाडलं. बरोबर मला लिहायला लावलं की आपल्या एजंटानं हे पाणी पिऊन इंजिनाच्या वतीनं पसंत केलं होतं, आता आपण पिऊन बघावं. कंपनी नमली. नवं चाक विलायतेहून मागवतो, म्हणाली.

विलायतेहून म्हणजे महिने. मिंगेलनं हत्यारं आवरली आणि सांगायला आला की पार्ट आला की मी परत येतो.

"ऱ्हावा की, पावणं," काकीसाहेब म्हणाल्या. "काम कुठं पुरं झालंय?"

त्याला वाटलं, थट्टा आहे. त्याची पत्र्याची ट्रंक कोठीत गेली होती आणि कोठीला कुलूप होतं. तो तसाच स्टेशनवर चालत गेला. काकीसाहेबांनी पोलीस चौकीवर निरोप आधीच धाडला होता की कंपनीचा माणूस आमचं काम टाकून पळतोय. दोन शिपाई त्याला मानानं टांग्यात बसवून परत घेऊन आले. काकीसाहेबांनी त्याला चहा दिला. त्याला त्यांनी कधी अरेतुरे केलं नाही. शेवटपर्यंत पावणं म्हणत राहिल्या.

त्याची जागा पागेशेजारच्या खोलीत. जेवण घरातलंच, पोटभर. रविवारी चर्चला जायचं म्हणाला तर जाऊ दिलं. तुका सोबतीला जायचा आणि त्याच्या शेजारी बाकावर बसून उपासना संपेपर्यंत डुलक्या काढायचा. कंपनीकडं त्यानं दाद मागितली. कंपनीला काकीसाहेबांशी आणखी भांडण नको होतं. पार्ट येईपर्यंत तिथंच राहा, असं तिनं त्याला कळवलं. बोट घाटाला बांधलेली असायची. बोट पुढं ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा होडीच्या बुडातून जिथं बाहेर पडतो तिथून पाणी झिरपायचं आणि सकाळपर्यंत घोटाभर साठायचं. मिंगेलनं ते उपसायला गडी मागितला. गळती कंपनीची, उपसणार कंपनीच, असं उत्तर आलं. मग तो रोज सकाळी घागर घेऊन बोटीत उतरायचा आणि घाटावर धुणं धुणाऱ्या बायका त्याला पाणीवाला म्हणायला लागल्या. आधी तो त्यांच्याबरोबर हसायचा. उन्हाळा सरता सरता कॉलरखालचा रुमाल गेला.

मृगाच्या सुमारास मुंबईहून तार आली. मिंगेलच्या मुलीला विषमज्वर झाला होता, ताबडतोब निघ, अशी बायकोनं तार केली होती. इंग्रजी कागद आधी माझ्या हातात येत. मी तार घेऊन सदरेवर गेलो, तर काकीसाहेबांनी मिंगेलला बोलावलं आणि त्याच्यासमोरच मला वाचायला लावली. तो अनवाणी उभा होता. वाचून झाल्यावर तो एक पाऊल पुढं आला. मग म्हणाला, चार दिवस द्या, ट्रंक ठेवून घ्या, हत्यारं ठेवून घ्या, मी परत येतो, देवाची शपथ.

 काकीसाहेब त्यावर जे बोलल्या ते त्या घरात कुणी त्यांच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं.

"मला बी शपथच दिली हुती, पावणं. नवरा निरोगी हाय म्हनून भर मांडवात माझ्या सासऱ्यानं माझ्या बापाच्या हातावर हात ठेवून सांगितलं. हळद निघायच्या आत त्यो रगात वकायला लागला. त्याचं तस्त मी धुतलंय, त्यो जाईस्तवर. मी त्यो कुनाकडं परत करायचा हुता?"

"बाईसाहेब," मिंगेल म्हणाला, "माझ्या पोरीचा त्यात काय गुन्हा?"

"काय न्हाय," त्या म्हणाल्या. "माझा बी नव्हता."

आणि दुसरा कागद वाचायला घेतला का, असं त्यांनी मला विचारलं.

मिंगेल रडला नाही. तो दस्तगीरकडं गेला. दस्तगीर म्हणजे शहरातला बंदुका आणि कुलपं दुरुस्त करणारा कारागीर, त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ओतकाम चालत आलेलं. झिजलेलं चाक नमुन्याला देऊन मिंगेलनं त्याच्याकडून पितळेचं नवं चाक ओतून, कानशीनं दात पाडून घेतलं. ते हातात घेऊन तो सदरेवर आला तेव्हा पहिल्या दिवसासारखा हसत होता. हे बसवतो, दुपारपर्यंत बोट चालते, मी संध्याकाळच्या गाडीनं जातो, तो म्हणाला.

काकीसाहेबांनी ते चाक घेतलं. उजेडाकडं धरून फिरवलं, एकेका दातावरून अंगठा नेला. काम देखणं झालंय, म्हणाल्या. मग ते त्यांनी आपल्या कपाटात ठेवलं आणि किल्ली कंबरेला खोचली.

"ह्ये बसलं की तुमच्या कंपनीची हमी उठली," त्या म्हणाल्या. "मग मी भांडू कुनाशी?"

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की त्यांना बोट नको होती. बोट चालली असती तर चार दिवसांत त्यांना तिचा कंटाळा आला असता. त्यांना हवा होता तो समोर बांधलेला माणूस, ज्यानं किंवा ज्याच्या वतीनं कुणीतरी शब्द दिला होता आणि ज्याला आता तो गिळता येत नव्हता. तो बैल विकणारा सोडला तर असा माणूस उभ्या जन्मात त्यांच्या हातात सापडला नव्हता. सासरा सुटला होता, बाप सुटला होता, नवरा तर मरून सुटला होता.

श्रावणात पूर आला. दरवर्षी येतो तसा वाटला आणि मग वाढतच गेला. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या, समाध्या गेल्या, आणि खाली जहागिरीच्या गावातून सिदू नावाचा कुळवाडी कमरेपर्यंत चिखलात माखून घरी येऊन पोचला. नदीकाठच्या मळीतली, म्हणजे गाळाच्या रानातली, कुळं रात्रीत पाण्यात अडकली होती. बायकापोरांसकट दहा-पंधरा माणसं तिथल्या मारुतीच्या देवळाच्या छपरावर चढून बसली होती. गूळ शिजवायची मोठी काहील घेऊन दोन पोरगे त्यांना आणायला गेले, दोन बायका बसवल्या, आणि परत येताना काहील भोवऱ्यात फिरून पालथी झाली. पोरगे पोहून निघाले, बायका गेल्या. देऊळ मातीचं होतं. सिदू काकीसाहेबांच्या पायावर पडून मोटारबोट मागत होता.

त्यांनी त्याला उठवलं, गूळपाणी द्यायला सांगितलं आणि मला तार लिहायला बसवलं. तार कंपनीला होती. आपला पार्ट न आल्यानं माझी कुळं पुरात बुडत आहेत, दोन बुडाली, पुढच्यांची जबाबदारी आपली, असा मजकूर त्यांनी सांगितला. सांगताना त्यांच्या तोंडावर काळजी नव्हती. दाव्यात एखादा भक्कम पुरावा सापडावा तसा तो चेहरा होता. मी लिहिलं, कारण लिहिण्यासाठीच मी तिथं होतो. सिदू माझ्या लेखणीकडं बघत होता. त्याला वाटत होतं, बोट सुटण्याचा हुकूम लिहिला जातोय.

मिंगेल दारात उभा राहून ऐकत होता. मी मान वर केली तेव्हा तो आणि सिदू दोघेही तिथं नव्हते.

ओतणारा माणूस एकच नग कधी ओतत नाही. एखादा तडकला तर दुसरा असावा म्हणून जोडी ओततो. दस्तगीरकडं दुसरं चाक होतं. पहाऱ्याला कुणी उरलंच नव्हतं, सगळी पेठ पूर बघायला गेली होती. दस्तगीर स्वतः हत्यारं घेऊन बोटीत बसला. चाक बसवलं, इंजिन सुरू झालं, आणि सिदूला वाट दाखवायला पुढं बसवून ती बोट पुलाखालून पुराच्या पाण्यात गेली. मी पोस्टात तार करून पुलावर आलो होतो. पुलावरच्या गर्दीतून मला फक्त मिंगेलची पाठ दिसली.

पुढचं मला दस्तगीरनं सांगितलं. देवळापासून पलीकडच्या माळापर्यंत त्यांनी खेपा केल्या. थोडी थोडी माणसं, मग शेळ्या राहू द्या म्हणून भांडण, मग एका म्हातारीला उचलून. शेवटच्या खेपेला बुडालेल्या बाभळीत पंखा अडकून तुटला आणि बोट धारेबरोबर जाऊन एका बांधावर आदळली. एक कूस फुटली. माणसं कमरेएवढ्या पाण्यातून चालत वर गेली. सगळी जगली. देऊळ त्यानंतर बसलं. पितळेच्या चाकाला काही झालं नव्हतं, हे दस्तगीर मला दोनदा म्हणाला.

पाणी उतरल्यावर ती कुळं नारळ घेऊन मंगळवार पेठेत आली. काकीसाहेबांनी बोट धाडली म्हणून जगलो, असं म्हणून एकेकजण पायावर डोकं ठेवत होता. म्हातारीला तर उठवेना. त्यांनी नारळ घेतले. देवानं वाचवलं तुमास्नी, म्हणाल्या. मिंगेल चिखल वाळलेल्या कपड्यांत दाराशी उभा होता आणि सिदू त्याच्याकडं बोट दाखवून काही सांगू बघत होता, पण सदरेवर बोलण्याची त्याची रीत नव्हती.

सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, "पावणं, आता तुमी जावा."

कोठी उघडली, ट्रंक आली. प्रवासाला भाकरी आणि चटणी बांधून दिली. मिंगेलनं हात जोडले. टांग्यात बसताना तो तुकाला मिठी मारून गेला. टांगा वळणावर गेला नसेल तोच मला आत हाक आली. कंपनीला पत्र लिहायचं होतं. आपल्याच फिटरनं माझ्या परवानगीवाचून इंजिनाला बाजारी पार्ट बसवला, बोट पुरात नेली आणि फोडली. आपल्या माणसाचा दोष तो आपला दोष, सबब सगळी बोट नवी द्यावी.

मी लेखणी थांबवली आणि म्हणालो की त्यानं माणसं वाचवली, तेवढी एक ओळ घालू या.

"ते हमीत बसत न्हाय, मास्तर," त्या म्हणाल्या.

कंपनीनं वकील लावला, काकीसाहेबांनी दोन लावले. नवी बोट आली. कंपनीनं कळवलं की संबंधित फिटरला कामावरून काढलं आहे. ते मी वाचून दाखवलं तेव्हा त्या दूधवाल्याशी बोलत होत्या. बोलणं पुरं करून मग "बरं" म्हणाल्या.

नव्या बोटीबरोबर नवा फिटर आला, घाबरलेला. मुंबईत त्याला कुणीतरी सगळं सांगून धाडलं होतं. चहा घेताना त्याच्या तोंडून निघून गेलं की मिंगेल घरी पोचला तेव्हा मुलीला पुरूनही बरेच दिवस झाले होते, आणि आता तो कुठल्यातरी आगबोटीवर कोळसेवाल्यांत लागलाय. काकीसाहेबांनी कपबशी खाली ठेवली. पोरीचं नाव काय होतं, त्यांनी विचारलं. फिटरला माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तारेत नाव नव्हतं. तुकालाही ठाऊक नव्हतं, आणि तो इतके रविवार त्याच्या शेजारी बसला होता.

"संगतीच्या मानसाच्या पोरीचं नाव ठावं न्हाय तुमास्नी?" त्या फिटरला म्हणाल्या. त्या दिवशी प्रथमच मला त्यांचा आवाज किंचित खरखरीत वाटला. पण तो सर्दीचा महिना होता, मी त्यावर काही रचत नाही.

त्यानंतर मला पन्हाळ्याच्या कचेरीत जागा मिळाली आणि मी ते घर सोडलं. निरोप घ्यायला गेलो तर त्या कुणाच्या तरी दाव्याचे कागद बघत होत्या. मान हलवली, एवढंच.

पुढं एकदा लग्नासाठी कोल्हापूरला येत होतो. भर दुपार होती. टांगा पंचगंगेच्या पुलावर आला तर कठड्याला लोक ओणवे होऊन खाली बघत होते. टांगेवाल्यानंही लगाम ओढला. खाली नदीच्या मध्यावर नवी बोट बंद पडली होती. फिटर इंजिनावर वाकलेला होता, त्याची फक्त पाठ दिसत होती. काकीसाहेब मधल्या फळीवर ताठ बसल्या होत्या, डोईवर पदर, हात मांडीवर. पाण्याला ओढ फारशी नव्हती. बोट जागच्या जागी, अगदी सावकाश, गोल फिरत होती. त्या मान वळवत नव्हत्या. बोट फिरेल तसं त्यांचं तोंड आधी घाटाकडं झालं, मग नदीच्या वरच्या अंगाला, मग पलीकडच्या मळ्यांकडं आणि मग पुलाकडं. ते माझ्यासमोर आलं तेव्हा सवयीनं माझा हात मुजऱ्याला गेला. त्यांनी बघितलं की नाही कळलं नाही. डोळे उघडे होते, पण उन्हानं बारीक झालेले. पुन्हा फिरून त्यांचं तोंड पुलाकडं यायला वेळ होता, आणि टांगेवाला म्हणाला की मुहूर्त टळेल, तेव्हा आम्ही निघालो.